साठ म्हाताऱ्यांचा स्ट्यू आणि माझी बंद जीभ

रिचमंड हिल, कॅनडा,
गुरुवार, १९ मार्च

प्रिय क्लिफर्डदादा,

मध्ये समुद्र असल्यामुळे पाया पडता येत नाही, म्हणून इथूनच हात जोडते आणि जय ख्रिस्त म्हणते. तुझे टाके कसे आहेत? वहिनी म्हणाली सुकले. खरंच सुकले, की मला गप्प करायला तिने सांगितलं, ते तू स्वतःच्या अक्षरात कळव. जड काही उचलू नकोस. विहिरीवरचा पंप, तांदळाची गोण, प्रेस्टनची पोरगी, काही म्हणजे काही नाही. हर्निया एकदा झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा होतो आणि दुसऱ्यांदा मी इतकी काळजी करणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. आमचं बरं आहे. सिरीलची कंबर दुखते, पण ती लग्नाआधीपासून दुखते. केझिया कॉलेजात जाते आणि घरी येऊन आमच्यावर इंग्रजीत रागावते. बर्फ अजून पडतो. मार्च अर्धा संपला तरी ड्राइव्हवे शोव्हल करायचा म्हणजे काय, हे लिहायला बसले तर तोंडातून शिव्या येतील, आणि हे उपासाचे दिवस आहेत. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटली, तेव्हा वाचताना चुका काढत बसू नकोस.

आता जे लिहायचं ते लिहिते. तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनीने फोनवर जी रडारड केली, ती ऐकून मी रमेदी माउलीला नवस बोलले, तुला ठाऊक आहे. दादा टेबलावरून नीट उतरला तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मांस आणि दारू जिभेला लावणार नाही. आपल्या नेहमीच्या उपासासारखं नाही, की रविवारी सूट आणि कोणाकडे बाप्तिस्मा असला तर अर्धी सूट. चाखायलासुद्धा नाही. ‘जिभेला’ हा शब्द मी स्वतःच वापरला. घाबरलेलं माणूस शब्द मोजत नाही. साधं ‘खाणार नाही’ म्हटलं असतं तर हे पत्र अर्ध्या पानात संपलं असतं. सिरीललाही मी नवसात घातलं. त्याला विचारलं नव्हतं. (विचारलं असतं तर त्याने कंबर दाखवली असती.)

मी म्हाताऱ्यांच्या होममध्ये चार वर्षं भांडी घासते. तू तिकडे आळीभर ‘बहीण हॉटेल लाइनमध्ये आहे’ असं सांगतोस, ते माझ्या कानावर आलंय. भांडी घासते. मशीन आहे, पण मशीनला प्रत्येक ताट आधी खरवडून द्यावं लागतं, मशीन मोठ्या घरची आहे. हाताची कातडी इतकी सोललीय की फोनला माझं बोट ओळखू येत नाही. तर आमचा कुक फेब्रुवारीत काम सोडून कॅल्गरीला गेला, बहीण आहे म्हणे तिथे. मॉरीन (ही आमची किचन मॅनेजर, आजोबा आयर्लंडचे, हे ती दिवसातून दोनदा सांगते) आम्हा सगळ्यांना उभं करून म्हणाली की सतरा मार्चला सेंट पॅट्रिकचा सण आहे, साठ म्हातारेकोतारे आयरिश स्ट्यूची वाट बघतायत, आणि एजन्सीचा कुक त्याच्या पुढच्या आठवड्यात येणार. कोणाला येतो? मी म्हटलं, मला येतो. मला येत नव्हता. पण गेल्या चार वर्षांत त्या किचनमध्ये कोणी काही विचारलं आणि उत्तर मला देता आलं, असं एकदाही झालं नव्हतं, तर तोंड आपोआप उघडलं. मॉरीन म्हणाली, जमला तर एजन्सीला नको म्हणून कळवते, कुकची जागा तुझी. नाही जमला तर परत सिंकवर. आणि मी काही आधी चाखणार नाही, म्हणाली, पंगतीत बसून सगळ्यांबरोबर खाणार, मगच बोलणार.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की स्ट्यू बीफचा, त्यात काळी बिअर, आणि माझ्या जिभेला दोन्हीची बंदी. मांसही तेच आणि दारूही तीच, एकाच पातेल्यात. नवस बोलताना माउलीने माझं ऐकलं आणि लगेच परीक्षेचा पेपर काढला.

तरी म्हटलं आधी घरी करून बघू. आठ तारखेच्या रविवारी सिरील चार कॅन काळी बिअर घेऊन आला, अशा धरून की जणू देवळात बाळाला नेतोय. केझियाने फोनवर रेसिपी वाचून दाखवली. मांसाचे तुकडे मैद्यात घोळवून तेलात लाल करायचे, मग कांदा, सेलरी, टोमॅटोची पेस्ट, थाईम नावाचा एक पाला, मीठ, मिरी, वरून बिअर ओतायची, बटाटे आणि गाजरं टाकायची आणि दोन-तीन तास मंद ठेवायचं. मी म्हटलं, मागचं पान वाच. म्हणाली, मॉम, दॅट्स इट. हळद नाही, धणे नाहीत, लसूण असला तर असला. आपल्याकडे बाळंतिणीलासुद्धा याहून तिखट देतात. एवढा पाऊस आणि एवढी थंडी सोसणाऱ्या लोकांनी स्वतःला मिरीवर कसं ठेवलं, ते मला समजलं नाही, पण त्यांचा सण, त्यांचं पातेलं.

बिअर ओतली तेव्हा जो वास उठला, तो घ्यायला सिरील पातेल्याशेजारी खुर्ची टाकून बसला. म्हणाला, उकळली की तिच्यातली दारू उडून जाते, म्हणजे ती दारू उरतच नाही, एक चमचा बघू का? मी म्हटलं, मांसही उकळतंय, ते काय भोपळा झालं? मग त्याने विचारलं, वासाने नवस मोडतो का? मला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर त्याने खरंच फादरना रांगेत उभं राहून विचारलं. फादर म्हणाले, वासाला हरकत नाही, पण तोंड मिटून घ्या. (आमच्या फादरना सिरील कळलेला आहे.)

म्हणजे सिरील गेला. केझियाला चमचा पुढे केला तर म्हणाली, मॉम, आय ॲम व्हीगन. हे कधीपासून, विचारलं, तर सप्टेंबरपासून. सहा महिने माझ्या घरात एक पोरगी भाजी खातेय आणि मला वाटत होतं अभ्यासाचं टेन्शन आहे. मग मी वाटी घेऊन बाहेर पडले. डावीकडे संजय आणि यामिनी राहतात, पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले, भली माणसं, बीफ शिवत नाहीत. त्यांच्या दारापर्यंत गेले आणि यामिनीने दार उघडल्यावर वाटी पाठीमागे धरून नुसतं ‘थंडी आहे ना’ म्हणून परत आले. उजवीकडे इराणी कुटुंब. त्यांचा रमझान यंदा आपल्या उपासाबरोबरच लागलाय, आणि रमझान नसता तरी बिअर होतीच. आपल्या वसईकर मंडळींना विचारायचा प्रश्न नव्हता, मार्च महिन्यात टोरंटोपासून इथपर्यंत सगळे वाटाणे खातायत. समोर एक चिनी म्हातारा-म्हातारी आहेत. त्यांनी हसून वाटी घेतली. दुसऱ्या दिवशी ती धुऊन, आत तीन संत्री ठेवून परत दिली आणि पुन्हा हसले. कसा होता म्हणून विचारलं तर आणखी हसले. आम्हा तिघांच्या इंग्रजीत मिळून एक वाक्य होत नव्हतं. संत्री गोड होती. उरलेला स्ट्यू डब्यांत भरून बेसमेंटच्या फ्रीजरमध्ये ठेवला. तो चांगला झालाय की वाईट, हे आजपर्यंत घरातल्या कोणाला माहीत नाही.

होममध्येही तीच गत. नर्सांना म्हाताऱ्यांच्या जेवणाला हात लावायला मनाई. भाजी चिरणारी पोरगी सोमालियाची, तिला बिअर चालत नाही. माझ्याबरोबर भांडी घासते ती नीलिमा, सांगलीची, तिला बीफ चालत नाही. पण बाई मनाची मोठी. म्हणाली, बीआट्रिसताई, एवढं काय घाबरता? आमच्याकडे देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक कोणी चाखत नाही, आधी देवाला दाखवायचा असतो. माझी आजी शंभर माणसांचं करायची, मीठ हाताच्या अंदाजाने, कधी चुकलं नाही. मग तिने पातेल्यात काय आहे ते पाहिलं, दोन्ही कान पकडले आणि म्हणाली, हे उदाहरण मी दिलं म्हणून माझ्या सासूला कळता कामा नये. तिची सासू सांगलीला असते, पण नीलिमा अजून इकडे तिकडे बघूनच बोलते.

शेवटी मला मिस्टर फिनलन सापडले. नव्वदीला टेकलेले, कॉर्क गावचे खरे आयरिश, आयर्लंडच्या मातीत वाढलेले. म्हटलं, यांच्याहून मोठा परीक्षक कोण? कॅथलिक आहेत, पण या वयाला उपास माफ असतो. सोळा तारखेला मॉरीनच्या परवानगीने एक लहान पातेलं केलं आणि त्यांना वाटी नेऊन दिली. त्यांनी चमचाभर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, लव्हली. मी म्हटलं, मीठ? म्हणाले, लव्हली. मीठ वाढवून दुसरी वाटी नेली. लव्हली. मिरी वाढवली, बिअर वाढवली, लव्हली, लव्हली. वर म्हणाले, माझ्या आईनंतर असा कोणी केला नाही. मला रडू आलं असतं, पण ड्यूटीवर होते. त्यांच्या शेवटच्या वाटीचं माप कागदावर काढून घेतलं, मीठ किती मुठी, बिअर किती कॅन, आणि रात्री शांत झोपले.

सतरा तारखेला पहाटे साडेपाचला पातेलं चढवलं. पातेलं म्हणजे, लग्नात पापा चढवायचे तेवढं. दोन डझन कॅन बिअर. मांसाचे तुकडे रेसिपीत लिहिलेल्याच्या निम्मे कापले, कारण कवळीवाले मोठा तुकडा ताटाच्या कडेला चिकटवून ठेवतात. नवलकोल नावालासुद्धा टाकला नाही, तो त्या घरात कोणीच खात नाही, चार वर्षं बघतेय. पावणेअकराला सगळं खदखदत होतं, रंग काळा-तांबडा सुंदर, तेव्हा म्हटलं मिस्टर फिनलनना दोन शब्द बोलून यावं. गेले. ते सकाळचं ओटमील उशिराने खात बसले होते. माझ्याकडे बघून चमचा वर केला आणि म्हणाले, लव्हली स्ट्यू, डिअर.

मी म्हटलं, मिस्टर फिनलन, हे ओटमील आहे. म्हणाले, अस्सं का, लव्हली. शेजारची नर्स म्हणाली, कोविड झाल्यापासून त्यांना वास नाही आणि चवही नाही, तुला कोणी सांगितलं नाही? मला कोण सांगणार? भांडी घासणाऱ्या बाईला कोणी काही सांगत नाही.

दादा, मी किचनमध्ये कशी परत आले ते आठवत नाही. सव्वा तासात पंगत. पातेल्यात साठ माणसांचं जेवण, आणि ते जेवणासारखं लागतं की नाही हे पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नाही. शिवाय मिठाचं आणि बिअरचं माप ज्याने दिलं त्याला ओटमील आणि गोमांस सारखंच. नीलिमा म्हणाली, ताई, अंदाज. मी म्हटलं, माझा अंदाज आपल्या मसाल्याचा आहे, या काळ्या पाण्याचा नाही. इकडे एजन्सीवाल्याचा फोन भिंतीवर वाजत होता आणि मॉरीन हातात रुमाल घेऊन, आजोबांच्या गोष्टी सांगत, टेबलाशी जाऊन बसली होती. मी डोळे मिटले, ‘नमो मरिया’ म्हटलं, आणि मग दोन मुठी ब्राउन शुगर टाकली, पाच किलो गाजरं किसून घातली, लोण्याच्या चार वड्या सोडल्या आणि आच वाढवली. जिभेला काही लावलं नाही. नुसत्या देवाच्या भरवशावर केलं.

बारा वाजता वाढलं. बाहेर काय चाललंय ते बघायला मी गेले नाही. सिंकशी नीलिमाच्या बाजूला जाऊन उभी राहिले, सवयीने. कोणी ‘वा’ म्हणतंय का, हे ऐकायला मला कान लावावे लागत नाहीत. चार वर्षं ताटं खरवडलेल्या बाईला जेवण कसं झालं हे विचारावं लागत नाही. मागच्या वर्षी त्या कुकचा स्ट्यू साठातल्या चाळीस ताटांत अर्धा परत आला होता, मी स्वतः बादलीत टाकलाय. पहिली ट्रॉली आली. नीलिमाने पहिलं ताट उचललं, खरवडायला सुरी लावली आणि माझ्याकडे बघितलं. खरवडायला काही नव्हतं. दुसरं तसंच. एकात कोणीतरी पावाने इतकं पुसून घेतलं होतं की नीलिमा म्हणाली, हे धुतलेल्यात ठेवलं तरी कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, तरी धू. शेवटी मॉरीन आत आली. तिच्या हातात तिचं ताट होतं, रिकामं. आत जाऊन कपाटातून कुकचा पांढरा कोट आणला आणि माझ्या अंगावर धरला. त्यात मी दोनदा मावते. सोमवारपासून जागा माझी. एजन्सीला तिने माझ्यासमोर फोन करून नको म्हणून सांगितलं.

तर असं झालं. नवस पाळला, नोकरी मिळाली. माउलीची कृपा आणि तुम्हा सगळ्यांचा आशीर्वाद. वहिनीला, प्रेस्टनला, सुनेला आणि पोरीला माझी आठवण सांग.

तुझी धाकटी बहीण,
बीआट्रिस

ता. क. चाखला. वर जे देवाच्या भरवशाचं लिहिलंय ते मनात धरू नकोस. साखर टाकावी हे कोणाला आभाळातून सुचत नाही. अर्धा चमचा घेतला आणि तो कारल्याचा देठ उकळून वर आणखी कारलं पिळल्यासारखा कडू होता. ती सगळी आटलेली बिअर. साखर टाकल्यावर अजून अर्धा चमचा घेतला. गाजरं शिजल्यावर मीठ बघायला एक पूर्ण. लोण्यानंतर एक, खात्री करायला. नंतर एक वाटी खाल्ली, पण ती पंगत उठल्यावर, भुकेने खाल्ली, ती मोजायची की नाही ते मला माहीत नाही. चांगला झाला होता, दादा. फारच चांगला.

ता. क. दुसरं. कुकला प्रत्येक पातेलं वाढण्याआधी चाखावं लागतं आणि भिंतीवरच्या कागदावर वेळ घालून सही करावी लागते, तसा इथला नियम आहे. सोमवारी चिकन, मंगळवारी मीट लोफ, बुधवारी हॅम. म्हणजे नवस माझ्याकडून आता होणारच नाही. मी फादरना फोन केला. ते म्हणाले, असा नवस दुसऱ्या चांगल्या कृत्यात बदलून घेता येतो. पुढेही ते बरंच बोलले, पण माझी बस आली. बदलता येतो एवढं मी ऐकलं, आणि तुझ्या नावावर बदलला. उद्या शुक्रवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सोळा दिवस होतात. मांस नाही, दारू नाही, जिभेला लावायचं नाही, रविवारी सूट नाही. शेवटी पोट तुझं फाडलं होतं, माझं नाही. एक महिना तुझ्यासाठी मी सोसलं, आता उरलेलं तू सोस. सिरीललाही मी मोकळा केला, तो आत्ता बेसमेंटमध्ये गेलाय, फ्रीजर उघडल्याचा आवाज आला.

ता. क. तिसरं. केझिया या पत्राचा फोटो काढून वहिनीच्या फोनवर पाठवते आहे, तुझ्या नाही. तेव्हा तू हे वाचशील तोवर तिचं वाचून झालेलं असेल, आणि तुमच्या घरातलं डुकराच्या इंद्यालाचं पातेलं तिने उचलून प्रेस्टनच्या घरी पोचवलेलं असेल. मला फोन करू नकोस. मी उचलणार नाही. कुकचे हात रिकामे नसतात.